सीमांत प्रदेशाचे निसर्गचित्रण, अमेरिकन

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील (अ. सं. सं.) गोऱ्या वसाहतींच्या पश्चिमेकडे सरकत जाणाऱ्या कडेवरील भूप्रदेशाचे चित्रकारांनी व छायाचित्रकारांनी केलेले निरूपण. मराठीत ‘सीमा’ किंवा ‘शीव’ या शब्दांनी दोन गावांमधील अथवा दोन राज्यांमधील ठरलेली हद्द सूचित होते. अमेरिकन इतिहासातील ‘फ्रंटियर’ ही संकल्पना याहून निराळी आहे. वसाहतकारांची वस्ती विरळ होत होत जेथे संपते, ती ही कड होय. ती स्थिर नसते आणि तिच्या पलीकडे दुसरे राज्य नसून मोकळी भूमी आहे, असे या शब्दात गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात त्या भूमीवर मंडन, सू, शायेन, शोशोनी, नाव्हाहो इ. अनेक जमाती राहत होत्या. त्यामुळे या चित्रांचा विचार करताना रंग, रचना व छायाप्रकाश यांबरोबरच आणखी एक प्रश्न विचारावा लागतो : चित्रातील भूमीवर माणसे आहेत काय आणि नसल्यास ती कोणी वगळली? एकोणिसाव्या शतकात जी भूदृश्ये निर्जन म्हणून रंगविली गेली, त्यांतील पुष्कळशी चित्रे रंगविली जात असताना निर्जन केली जात होती. हे निर्जनीकरण आणि त्याचे चित्रण यांचा संबंध समजल्याशिवाय या कलापरंपरेचे मूल्यमापन करता येत नाही.

मिसिसिपी नदीच्या पश्चिमेकडील प्रदेशाची आरंभीची चित्रे सर्वेक्षणाच्या निमित्ताने निर्माण झाली. मेजर स्टीव्हन लाँग याच्या १८१९–२० मधील मोहिमेबरोबर सॅम्युएल सीमोर हा चित्रकार होता. रॉकी पर्वताची प्रत्यक्ष पाहून काढलेली पहिली दृश्ये त्याची मानली जातात. ती साधी, काहीशी कोरडी व नोंदवजा आहेत. याच मोहिमेच्या नकाशावर पर्वताच्या पूर्वेकडील विस्तीर्ण गवताळ मैदानांना ‘महान अमेरिकन वाळवंट’ असे नाव देण्यात आले. पुढे सु. चाळीस वर्षे हे नाव नकाशांवर व शालेय पुस्तकांत टिकून राहिले. नकाशाने ओसाड ठरविलेल्या या मैदानांवर लक्षावधी गवे चरत होते.

जॉर्ज कॅट्लिन (१७९६–१८७२) हा मूळचा वकील. चित्रकला त्याने बव्हंशी स्वतःच आत्मसात केली. १८३० ते १८३६ या काळात त्याने पश्चिमेकडील जमातींमध्ये अनेक प्रवास केले. १८३२ मध्ये ‘यलोस्टोन’ या वाफेच्या बोटीने तो मिसूरी नदीतून वर फोर्ट युनियनपर्यंत गेला. बोटीच्या कठड्यावरून व काठावरील मुक्कामांत त्याने झपाट्याने काढलेल्या छोट्या निसर्गचित्रांत हिरव्या टेकड्यांच्या एकामागून एक ओळी, नदीची वळणे आणि क्वचित कळपांचे ठिपके दिसतात. त्यांचे रेखन कच्चे आहे व यथादर्शन अनेकदा चुकलेले आहे. तरीही ही भूमी कोणाच्या तरी वापरातली आहे, याचे भान त्यांत सर्वत्र आढळते. मंडन जमातीच्या गावाचे त्याचे चित्र पाहावे. मातीच्या घुमटाकार घरांच्या छपरांवर माणसे बसलेली, गप्पा मारीत असलेली दिसतात. चित्रातील क्षितिज हे त्यांच्या गावाचे क्षितिज आहे. १८३७ मध्ये व्यापारी कंपनीच्या बोटीतून आलेल्या देवीच्या साथीने या जमातीची केवळ शंभर-दीडशे माणसे मागे उरली. त्यामुळे कॅट्लिनची आणि त्याच्या पाठोपाठ आलेल्या कार्ल बोडमरची चित्रे या लोकांच्या जीवनाची अखेरची विस्तृत दृश्य नोंद ठरली.

बोडमर (१८०९–९३) हा स्वित्झर्लंडचा चित्रकार. वीड येथील प्रिन्स माक्सिमीलिआन या निसर्गशास्त्रज्ञाने त्याला आपल्या १८३२–३४ मधील मोहिमेत सोबत घेतले होते. १८३३–३४ चा कडक हिवाळा या दोघांनी मंडन गावांलगतच्या फोर्ट क्लार्क येथे काढला. बोडमरच्या जलरंगचित्रांतील अचूकता कॅट्लिनमध्ये नाही. मिसूरीच्या काठचे पांढरे वालुकाश्मी कडे त्याने भूवैज्ञानिकाच्या नजरेने रंगविले. या चित्रांवरून केलेली ८१ ॲक्वाटिंट मुद्राचित्रे युरोपात प्रसिद्ध झाली. मूळ जलरंगचित्रांचा मोठा संग्रह आता नेब्रॅस्का राज्यातील ओमाहा येथील जॉसलिन संग्रहालयात आहे. ॲल्फ्रेड जेकब मिलर (१८१०–७४) १८३७ मध्ये विल्यम ड्रमंड स्ट्यूअर्ट या स्कॉटिश सरदारपुत्राबरोबर रॉकी पर्वतात गेला. त्याची धुकट, स्वप्नवत दृश्ये मुख्यतः स्ट्यूअर्टच्या स्कॉटलंडमधील वाड्यासाठी होती.

कॅट्लिनने मांडलेली एक कल्पना पुढील इतिहासाच्या संदर्भात महत्त्वाची आहे. गवे आणि इंडियन दोघेही नामशेष होणार हे ओळखून, शासनाने एक विशाल राष्ट्रीय उद्यान राखून ठेवावे आणि त्यात पशूंबरोबर माणसांनाही त्यांच्या रीतीने राहू द्यावे, असे त्याने सुचविले. या सूचनेत माणसांना प्रदर्शनीय वस्तू मानण्याचा दोष आहेच. पण तिच्यात माणसे होती. काँग्रेसने त्याचा चित्रसंग्रह विकत घेण्यास वारंवार नकार दिला. १८५२ मध्ये लंडन येथे तो कर्जबाजारी झाला. फिलाडेल्फियाचा आगगाडीची एंजिने बनविणारा उद्योगपती जोसेफ हॅरिसन याने चित्रे ताब्यात घेतली व ती अनेक वर्षे बॉयलरच्या कारखान्यात पडून राहिली. १८७९ मध्ये, कॅट्लिनच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी, ती स्मिथसोनियन संस्थेकडे आली.

पूर्वेकडे याच सुमारास हडसन नदी-संप्रदाय उदयास येत होता. त्याचा प्रवर्तक टॉमस कोल (१८०१–४८) हा जन्माने इंग्रज. त्याच्या ‘द ऑक्सबो’ (१८३६) या चित्रात डावीकडे वादळाने झोडपलेले अरण्य आणि उजवीकडे नदीच्या वळणात उन्हात पहुडलेली शेते आहेत. रान आणि शेत यांच्या या विभागणीबद्दल कोल स्वतः साशंक होता. ‘द कोर्स ऑफ एंपायर’ (१८३३–३६) या पाच चित्रांच्या मालिकेत त्याने एकच भूदृश्य रानटी अवस्था, पशुपालन, वैभव, विध्वंस व उजाडपणा अशा पाच अवस्थांत दाखविले. साम्राज्यांच्या अंताची ही जाणीव त्याच्या अनुयायांत फारशी उतरली नाही. एशर ब्राउन ड्युरँडने एका धनिकासाठी रंगविलेल्या ‘प्रोग्रेस’ (१८५३) मध्ये डाव्या कोपऱ्यातील अंधाऱ्या कड्यावरून काही इंडियन खाली पाहत आहेत आणि उजवीकडे रस्ता, तारायंत्र, आगगाडी व धूर यांनी भरलेले दृश्य सोनेरी प्रकाशात मिसळून गेले आहे. तेथून पुढे अनेक चित्रांत इंडियन माणसाला हीच जागा मिळाली. तो दृश्याच्या कडेला उभा असतो व स्वतःच्या भूमीकडे परक्यासारखा पाहत असतो.

या विचाराचे सर्वांत उघड रूप रूपकात्मक चित्रांत आढळते. वॉशिंग्टनच्या कॅपिटॉल वास्तूतील एमान्युएल लॉइत्सचे भव्य भित्तिचित्र (१८६१–६२) आणि फ्रान्सिस पामर हिने करिअर अँड आइव्ह्झ या मुद्रणसंस्थेसाठी केलेले ‘अक्रॉस द कॉन्टिनेंट’ (१८६८) हे शिलामुद्रित ही त्यांतील प्रमुख होत. पामर पश्चिमेकडे कधी गेलीच नव्हती. तिच्या चित्रात लोहमार्ग सरळ क्षितिजापर्यंत धावतो आणि एंजिनाचा धूर घोड्यावरील दोन इंडियनांच्या अंगावर येतो. जॉन गॅस्टचे ‘अमेरिकन प्रोग्रेस’ (१८७२) आकाराने वहीच्या दोन पानांएवढेच आहे. प्रवासी मार्गदर्शिकांचा प्रकाशक जॉर्ज क्रोफट याने ते करवून घेतले व त्याच्या रंगीत प्रती काढल्या. हातात शालेय पुस्तक व तारायंत्राची तार घेतलेली एक शुभ्रवसना तरंगत पश्चिमेकडे निघाली आहे. तिच्या मागे प्रकाश आणि पुढे काळोख असून, त्या काळोखात इंडियन, गवे व अस्वल पळत सुटले आहेत. कला म्हणून हे चित्र सामान्य आहे. मात्र अमेरिकन शालेय इतिहासाच्या पुस्तकांत ते फार मोठ्या प्रमाणावर छापले गेले आहे. पश्चिम म्हणजे चित्राची डावी बाजू, हा नकाशावरून आलेला संकेत या सर्व चित्रांत पाळलेला दिसतो.

सीमांत निसर्गचित्रणाचा भव्य कालखंड ॲल्बर्ट बीरश्टाटपासून (१८३०–१९०२) सुरू होतो. जर्मनीतील झोलिंगेन येथे जन्मलेला व अमेरिकेत वाढलेला हा चित्रकार ड्युसेलडॉर्फ येथे शिकला. १८५९ मध्ये तो फ्रेडरिक लँडरच्या मार्गसर्वेक्षण-तुकडीबरोबर रॉकी पर्वतात गेला. तेथील रेखाटने, त्रिमितीय छायाचित्रे व जमविलेल्या वस्तू यांच्या आधाराने न्यूयॉर्कच्या चित्रशाळेत त्याने ‘द रॉकी मौंटन्स, लँडर्स पीक’ (१८६३) हे सु. १·८७ × ३·०७ मी. आकाराचे तैलचित्र पूर्ण केले. पुढे शोशोनींचा तळ, मध्ये निश्चल सरोवर व धबधबा, मागे ढगांतून उसळलेले हिमशिखर अशी त्याची रचना आहे. चित्रातील शिखर आल्प्स पर्वतात शोभेल असे आहे. अनेक ठिकाणची दृश्ये एकत्र करून ते कल्पिलेले आहे आणि त्याला यादवी युद्धाच्या काळात मरण पावलेल्या लँडरचे नाव दिलेले आहे. १८६५ मध्ये हे चित्र २५,००० डॉलरना विकले गेले. त्या काळी कोणत्याही अमेरिकन चित्राला एवढी किंमत क्वचितच मिळाली होती. ‘अमंग द सिएरा नेव्हाडा’ (१८६८) हे कॅलिफोर्नियाचे म्हणून गाजलेले दृश्य तर त्याने रोममध्ये रंगविले आणि युरोपात आधी दाखविले. युरोपातील प्रेक्षकांत भावी वसाहतकार व भांडवल गुंतविणारेही होते, हे येथे विसरता येत नाही.

बीरश्टाटला खोटे ठरवून निकालात काढणे सोपे आहे व समीक्षकांनी ते केलेही. परंतु त्याची चित्रे खोटी असूनही प्रभावी का ठरली, हा प्रश्न अधिक मोलाचा आहे. यादवी युद्धाने रक्तबंबाळ झालेल्या देशाला ज्यावर युद्धाचा डाग नाही अशी भूमी हवी होती. पश्चिमेकडे ती आहे, असे या चित्रांनी सांगितले. कार्लटन वॉटकिन्स (१८२९–१९१६) याने १८६१ मध्ये योसेमिटी दरीची सु. ४५ × ५५ सेंमी. आकाराच्या काचपट्ट्यांवर घेतलेली छायाचित्रे पूर्वेकडील शहरांत अशीच परिणामकारक ठरली. ३० जून १८६४ रोजी, युद्ध चालू असतानाच, अध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी ही दरी सार्वजनिक उपयोगासाठी राखून ठेवणाऱ्या अधिनियमावर सही केली. तेरा वर्षांपूर्वी, १८५१ मध्ये, मॅरिपोसा बटॅलियन नावाच्या सशस्त्र दलाने याच दरीतून आवानीची लोकांना हुसकून त्यांची अन्नाची कोठारे जाळली होती. दरीतील उद्यानासारखी मोकळी कुरणे हीदेखील या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या नियमाने गवत जाळून राखलेली होती. छायाचित्रांतून ती निसर्गाची स्वाभाविक कृती वाटते.

टॉमस मोरान (१८३७–१९२६) याच्या बाबतीत चित्र, लोहमार्ग व कायदा यांचे नाते पूर्णपणे उघड होते. १८७१ मध्ये एका मासिकाने यलोस्टोनविषयीच्या लेखासाठी त्याच्याकडून चित्रे करवून घेतली, तेव्हा त्याने तो प्रदेश पाहिलेला नव्हता. त्याच उन्हाळ्यात, नॉर्दर्न पॅसिफिक लोहमार्गाचा अर्थपुरवठादार जे कुक याने दिलेल्या ५०० डॉलर कर्जाच्या साहाय्याने, तो फर्डिनंड हेडन याच्या सर्वेक्षण-मोहिमेत सामील झाला. छायाचित्रकार विल्यम हेन्री जॅक्सन (१८४३–१९४२) त्याच्याबरोबर होता. दोघे मिळून जागा निवडीत. जॅक्सनची छायाचित्रे पुरावा देत व मोरानचे जलरंग पिवळ्या-तांबड्या खडकांचे आणि गंधकयुक्त उष्ण कुंडांचे रंग देत. ही चित्रे व छायाचित्रे काँग्रेसच्या सदस्यांना दाखविण्यात आली आणि १ मार्च १८७२ रोजी यलोस्टोन हे राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाले. त्याच वर्षी मोरानचे ‘द ग्रँड कॅन्यन ऑफ द यलोस्टोन’ हे सु. २·१ × ३·७ मी. आकाराचे तैलचित्र काँग्रेसने १०,००० डॉलरना विकत घेतले. कॅट्लिनला जे आयुष्यभर मिळाले नाही, ते मोरानला एका वर्षात मिळाले. कॅट्लिनच्या उद्यानातील माणसे मात्र या उद्यानात नव्हती. तेथे राहणारे टुकुडिका शोशोनी थोड्याच वर्षांत बाहेरच्या राखीव प्रदेशांत हलविले गेले. या पर्वतात इंडियन गरम झऱ्यांच्या भीतीने पाऊलच टाकीत नसत, अशी दंतकथा पुढे पर्यटकांना सांगितली जाऊ लागली.

मोरानच्या ग्रीन रिव्हर येथील चित्रांवरून त्याची पद्धत स्पष्ट होते. १८७१ मध्ये वायोमिंगमधील या गावी तो आगगाडीने उतरला. तेथे लोहमार्ग, पूल, खानावळी व वसाहतकारांची घरे होती. त्यानंतर अनेक वर्षे त्याने येथील उंच, रंगीत कडे पुनःपुन्हा रंगविले. त्या चित्रांत ना रूळ आहेत, ना घरे. त्यांऐवजी घोड्यावरून संथपणे जाणाऱ्या इंडियनांची रांग दिसते. अँड्रू रसेल या लोहमार्ग-छायाचित्रकाराने १८६८ मध्ये घेतलेल्या छायाचित्रात त्याच कड्याखाली लाकडी तात्पुरता पूल आणि शेजारी कायमच्या पुलाचे खांब उभे आहेत. दोहोंची तुलना उद्‌बोधक आहे. यलोस्टोनमध्ये माणसे होती ती गेली आणि ग्रीन रिव्हरमध्ये नव्हती ती आली. दोन्हीकडे बदल ग्राहकाच्या अपेक्षेनुसार होता. शब्दशः स्थलवर्णन हे आपले ध्येय नाही, असे मोरान उघडपणे मानीत असे. त्यामुळे त्याच्यावर फसवणुकीचा आरोप करता येत नाही. पण त्याच्या चित्राला कागदपत्राइतका पुरावा मानणाऱ्यांनी सावध राहावे.

सर्वेक्षणांच्या छायाचित्रकारांपैकी टिमथी ओसलिव्हन (सु. १८४०–८२) हा आज सर्वांत आधुनिक वाटतो. यादवी युद्धातील रणभूमीची छायाचित्रे घेऊन तो १८६७ मध्ये क्लॅरेन्स किंगच्या सर्वेक्षणात आला. नेव्हाडातील कार्सन वाळवंटाच्या त्याच्या छायाचित्रात वाळूच्या लाटांत खेचरे जुंपलेली त्याची अंधारखोलीची गाडी उभी आहे आणि गाडीपासून कॅमेऱ्यापर्यंत त्याची पावले उमटली आहेत. येथे पाहणारा स्वतःला लपवीत नाही. मात्र छायाचित्रही निर्हेतुक नसते. १९७७–७९ मध्ये मार्क क्लेट व त्याचे सहकारी यांनी जुन्या सर्वेक्षणांची स्थाने नेमकी शोधून तेथून पुन्हा छायाचित्रे घेतली, तेव्हा यूटामधील एका खडकसमूहाच्या छायाचित्रात ओसलिव्हनने कॅमेरा तिरपा धरला होता, असे आढळले. त्यामुळे उतारावरील खडक अधिक विलक्षण दिसले होते.

१८९० च्या जनगणनेच्या अहवालाने सीमांतरेषा आता दाखविता येत नाही असे म्हटले आणि १८९३ मध्ये शिकागो येथे फ्रेडरिक जॅक्सन टर्नर या इतिहासकाराने तिच्यावर आपला प्रसिद्ध निबंध वाचला. चित्रकलेत स्मरणरंजनाचे पर्व याच्या थोडे आधीच सुरू झाले होते. बीरश्टाटच्या ‘द लास्ट ऑफ द बफेलो’ (१८८८) मध्ये अलोट कळपांच्या पुढे एक इंडियन शिकारी गव्याला भाल्याने भोसकत आहे. त्या वेळी जिवंत गव्यांची संख्या हजाराच्या आसपास उरली होती आणि त्यांचा संहार प्रामुख्याने कातड्यांसाठी बंदुका चालविणाऱ्या गोऱ्या शिकाऱ्यांनी केला होता. १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी अमेरिकन निवड समितीने हे चित्र नाकारले. पण ते जुन्या वळणाचे वाटल्यामुळे, इतिहासाच्या विपर्यासामुळे नव्हे. फ्रेडरिक रेमिंग्टन (१८६१–१९०९) याने न्यूयॉर्कजवळच्या चित्रशाळेत बसून घोडेस्वार सैनिक व गुराखी यांचा पश्चिम प्रदेश रंगविला. अखेरच्या वर्षांतील त्याची हिरवट चांदण्यातील रात्रदृश्ये त्याच्या नाट्यमय चित्रांहून सरस आहेत. चार्ल्स रसेल (१८६४–१९२६) हा स्वतः माँटॅनात गुराखी होता. १८८६–८७ च्या भीषण हिवाळ्यात मालकाने कळपाची खबर विचारली, तेव्हा त्याने टपालपत्राएवढ्या कागदावर बर्फात उभी असलेली, बरगड्या निघालेली एक गाय व तिच्यावर टपून बसलेले कोल्हे रंगवून पाठविले. अतिचराईने उजाडलेल्या सीमांत भूमीचे इतके नेमके चित्र मोठ्या पटांवर क्वचितच आढळते.

विसाव्या शतकात भव्य दृश्याचा वारसा चित्रपटाकडे गेला. जॉन फोर्डच्या ‘स्टेजकोच’ (१९३९) पासून ॲरिझोना-यूटा सीमेवरील मॉन्युमेंट व्हॅली म्हणजेच ‘पश्चिम’ असे जगभरचे प्रेक्षक समजू लागले. ही दरी नाव्हाहोंच्या राखीव प्रदेशात असून चित्रपटांतील अपाची वा कोमांची योद्ध्यांच्या भूमिकांत बहुधा नाव्हाहो माणसेच असत. जॉर्जिया ओकीफ (१८८७–१९८६) हिने न्यू मेक्सिकोतील टेकड्या व वाळलेली हाडे यांतून या भूमीला कथानकापासून मुक्त केले. ॲन्सेल ॲडम्स (१९०२–८४) याची योसेमिटीची कृष्णधवल छायाचित्रे वॉटकिन्सच्या परंपरेतील असून तितकीच निर्जन आहेत. त्यांविरुद्धची प्रतिक्रिया १९७५ मध्ये रॉचेस्टर येथे भरलेल्या ‘न्यू टोपोग्राफिक्स’ या प्रदर्शनात दिसली. रॉबर्ट ॲडम्स (१९३७– ) याने डेन्व्हरच्या परिसरातील एकसारखी घरे, मोटारतळ व वाहनांच्या चाकोऱ्या त्याच स्वच्छ पर्वतीय प्रकाशात दाखविल्या. १९९१ मध्ये वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय अमेरिकन कला संग्रहालयाने ‘द वेस्ट ॲज अमेरिका’ या प्रदर्शनात वर उल्लेखिलेल्या चित्रांचे वाचन वसाहतवादाच्या अंगाने केले, तेव्हा सिनेटमध्येही त्याविरुद्ध टीका झाली. शंभर वर्षांपूर्वीची निसर्गचित्रे इतकी जिव्हारी लागतात, यावरून त्यांचे कार्य संपलेले नाही, हे दिसून येते.

या भूमीचे मूळ रहिवाशांनी केलेले चित्रण दीर्घकाळ कलेतिहासाच्या बाहेर राहिले. गव्याच्या कातड्यावर व नंतर व्यापाऱ्यांच्या हिशेबवह्यांच्या आखलेल्या पानांवर मैदानी जमातींचे पुरुष युद्धे व शिकारी चितारीत. त्यांत सामान्यतः क्षितिजरेषा नसते, आकाश नसते. घोड्यांच्या खुरांच्या ठशांची ओळ वळते, ओलांडते, थांबते आणि तिच्यावरून जमिनीचा विस्तार कळतो. भूमी म्हणजे दुरून पाहण्याचे दृश्य नसून चालून गेलेले अंतर, अशी ही धारणा आहे. १८७५ ते १८७८ या काळात फ्लॉरिडातील फोर्ट मॅरियन येथे कैदेत ठेवलेल्या कायोवा, शायेन इ. जमातींच्या ७२ कैद्यांपैकी काहींनी वह्यांत काढलेली चित्रे विशेष उल्लेखनीय आहेत. झोटोम, हाउलिंग वुल्फ व मेकिंग मेडिसिन हे त्यांतील प्रमुख होत. घरापासून शेकडो कोस दूर, समुद्राकाठच्या किल्ल्यात बसून त्यांनी तंबूंचे तळ, गव्यांची शिकार आणि ज्या आगगाडीने त्यांना आणले ती आगगाडी रंगविली. गॅस्टचे शुभ्रवसनेचे चित्र त्या वेळी जेमतेम तीन वर्षांचे होते.

अलीकडे क्री वंशाचा कॅनेडियन चित्रकार केंट मंकमन (१९६५– ) बीरश्टाटची दृश्ये तंतोतंत पुन्हा रंगवून त्यांत वगळलेली माणसे, क्वचित खट्याळपणे, परत आणतो. चेरोकी वंशाच्या के वॉकिंगस्टिक (१९३५– ) हिची निसर्गचित्रे २०२३–२४ मध्ये न्यूयॉर्क येथे हडसन नदी-संप्रदायाच्या चित्रांबरोबर मांडण्यात आली होती. तिच्या पर्वतदृश्यांवर, रंगांच्या वरून, त्या त्या प्रदेशातील जमातीच्या मणिकामाचे वा कातडी पेट्यांवरील नक्षीचे पट्टे काढलेले असतात.